तुरीचं गठुडं

“गुरुजी, पोरगी गाडीत न्हाई.”

फोनवर अभिमन्यू होता. पहाटे ऊसतोडीला निघालेला त्याचा ट्रक मांजरसुंब्याला चहासाठी थांबला होता. मुलीला उठवायला त्याने गोधडी ओढली, तर खाली तुरीचं गठुडं. “वरून माझाच रुमाल गुंडाळलाय त्याला. अन् गोधडीच्या बाहिर हिची लाल बांगडी ठिवलेली, दिसंल अशी. आता तुमीच सांगा, चौथीतल्या पोरीला असलं डोकं कुठून आलं?”

उत्तरेश्वर गुरुजींना ते चांगलंच ठाऊक होतं. त्यांनी खिडकीतून वर्गात पाहिलं. राजनंदिनी पहिल्या रांगेत मांडी घालून, अगदी शहाण्यासारखी बसली होती. हसू आवरून ते म्हणाले, “शाळेत आहे. काळजी करू नको.”

“काळजी कशाची, मी येतोय. पुढची एसटी धरतो अन् घिऊन जातो तिला. फडात भारतला कोन सांभाळील?”

भारत म्हणजे तिचा वर्षाचा भाऊ. गुरुजींनी महिनाभर त्या घराचे उंबरे झिजवले होते. शाळेत दोन वेळचं जेवण, रात्री झोपायला आजी चंद्रभागाबाई, सगळी सोय होती. अभिमन्यूचं उत्तर एकच, भारत. आता तो दुपारपर्यंत येणार. आणि चौथीत फडावर गेलेली मुलगी पाचवीला परत येतेच असं नाही. गुरुजींचं हसू मावळलं.

चूक कोणाची म्हणाल, तर धड्याची. या गावात चौथीचा इतिहास आग्र्यापर्यंतच पोहोचायचा. दसरा झाला की ट्रक यायचे आणि अर्धा वर्ग त्यात चढायचा. बाकी महाराष्ट्रात महाराज सुटून आले, रायगडावर राज्याभिषेक झाला. इथल्या अर्ध्या पोरांचे महाराज मात्र वर्षानुवर्षं आग्र्याच्या कैदेतच. गुरुजी खडू खाली ठेवून ट्रककडे पळणाऱ्या पोरांना सांगायचे, “उरलेलं आल्यावर सांगतो.” पोरं यायची तेव्हा परीक्षा तोंडावर असायची.

यंदा मात्र त्यांनी हट्टच धरला. मधले धडे बाजूला ठेवले आणि काल, ट्रक यायच्या आदल्या दिवशी, महाराजांना मिठाईच्या पेटाऱ्यात बसवून आग्र्याबाहेर काढलं. महाराजांच्या जागी हिरोजी शाल पांघरून पडला, हातातलं कडं तेवढं बाहेर, हेही रंगवून सांगितलं. बादशहाच्या हातावर तुरी दिल्या म्हणजे काय केलं, असं विचारल्यावर एकाने शंका काढली, “कोनाच्या वावरातल्या गुरुजी?” सगळा वर्ग हसला होता. राजनंदिनी तेवढी हसली नव्हती.

त्यांनी तिला व्हरांड्यात बोलावलं. “बापाला फसवलंस?”

“म्या न्हाई गुरुजी. आईनं.”

“आईनं?”

“काल चुलीपुढं धडा सांगितला. आईनं दोनदा सांगाया लावला. मंग उठली अन् तुरी बांधाया लागली.” ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती. “भारतला बांधावर झोळी बांधीन म्हनली. तू शाळंत जा म्हनली.”

गुरुजी पायरीवर बसले. तिची आई सुरेखा, याच गावची लेक आणि याच गावची सून. तीही याच रांगेत बसायची. तेव्हा शाळेवर पत्रे होते आणि गुरुजींच्या मिशा काळ्या होत्या. इतिहास सांगताना ते झाडूची तलवार करून वर्गभर फिरायचे, पोरं तोंडं उघडी टाकून बघायची. त्या दिवसांची त्यांना फार ओढ होती. नोकरीला इतकी वर्षं झाली, बदल्या झाल्या, फिरून पुन्हा याच शाळेत आले, पण डोळे मिटले की तोच वर्ग दिसायचा, आणि तो नेहमी भरलेला असायचा. दाराबाहेर वाजणारा ट्रकचा भोंगा आठवणीत कधी यायचा नाही. आज तो आला, हिरोजीने शाल पांघरली तिथेच धडा तोडणारा. सुरेखा दप्तर छातीशी धरून दारात थांबली होती. काहीतरी विचारत होती. भोंग्यात ते ऐकू गेलं नाही. आणि तेही सवयीने म्हणून गेले होते, आल्यावर सांगतो. पुढच्या वर्षी ती शाळेत आली नाही.

फोन पुन्हा वाजला. या वेळी सुरेखाच होती.

“गुरुजी, हे येत न्हाईत आता. म्या सांगितलंय सगळं. बोलत न्हाईत माझ्याशी, पर गाडीत बसलेत.”

“सुरेखा, अगं, ऊस तोडायचा आणि पोरही सांभाळायचं. कसं करशील?”

“करीन की.” मागे भारत रडत होता. ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला, तशी ती घाईने बोलू लागली. “राजीला समदा धडा आला, पर एक सांगता आलं न्हाई. म्याबी तवा दारात तेच इचारलं व्हतं.”

“काय गं?”

“म्हाराज तर सुटले. पर तो त्यांच्या जागी पांघरुनात पडून ऱ्हायला, तो सुटला का, गुरुजी?”