हवेचा नमुना

मृण्मयीने हवा तपासायच्या मीटरवरचा आकडा पुन्हा वाचला. खोलीत फॉर्मल्डिहाइड सुरक्षित मर्यादेच्या चौपट होतं. प्लायवुडच्या कपाटातला गोंद अजून तो विषारी वायू सोडत होता.

“रेवती वारल्यापासून खिडकी उघडली नाही मी,” हेमाताई खोकत म्हणाल्या. “इथेच झोपते. लेकीचा वास अजून येतो बघ.”

मृण्मयीने श्वास घेतला. वास निव्वळ कपाटाचा होता.

“ताई, तुमचा खोकला या हवेमुळेच आहे. खिडकी उघडायलाच हवी.”

“मग तीही जाईल गं.”

मृण्मयीने नमुन्यासाठी आणलेली पारदर्शक पिशवी खोलीतल्या हवेने भरली, तोंड घट्ट बंद केलं आणि चिठ्ठीवर क्रमांकाऐवजी ‘रेवती’ लिहिलं. आत निव्वळ कपाटाचा वायू आहे, हे न सांगता तिने ती हेमाताईंच्या हातात दिली.

हेमाताईंनी पिशवी पोटाशी धरली आणि एका हाताने खिडकीची कडी काढली.