बॉनेटच्या आतली ओळ

इरफाननं हायवेला गाड्यांच्या एसीचं दुकान टाकल्यापासून भोरात याकूब उस्तादांच्या दारी गाडी थांबेना. ज्याला पाना धरायला शिकवलं त्याच्याच दारात रांग बघून त्यांच्या पोटात दुखायचं. आज तोच इरफान एक जुनी गाडी घेऊन आला.

“उस्ताद, हिच्या एसीत जुना गॅस भरू का नवा? माझा हात नव्या गाड्यांवरच बसलाय.”

जुन्या एसीत तेल न बदलता नुसता नवा गॅस भरला की महिन्याभरात कॉम्प्रेसर जाम होणार, हे याकूबना पक्कं ठाऊक होतं.

“नवाच भर बिनधास्त,” ते म्हणाले.

इरफाननं बॉनेट उघडलं आणि आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं लिहिलं : ‘गॅस नवा. उस्ताद याकूब, भोर.’

“माझं नाव कशाला?”

“कुठला गॅस भरायचा ते बॉनेटला लिहायचं, हे तुमीच शिकवलं. नाव मी जोडतो. पहिल्या गाडीपासून सगळ्यांवर हाय.”

याकूबनी खांद्यावरचं फडकं काढून त्याच्या हातात दिलं.

“पूस ते.”

“नाव?”

“नाव राहू दे. गॅस पूस. जुना लिही.”