चिमण्याचा आवाज

अकरा वाजून गेले तरी चिमण्या उठला नव्हता. खुर्च्या विणणारी त्याची आई बाहेरच्या खोलीत वेताची पट्टी ओढत होती, पण कान आतल्या खोलीकडे लागले होते. डोळे तिला जन्मापासूनच नव्हते. घर, गल्ली, लेकरू, सगळं तिनं कानांनीच पाहिलेलं.

तीन आठवड्यांपूर्वी जेवताना चिमण्याचा आवाज मध्येच फाटला. एकाच वाक्यात आधी भोंगा, मग पिपाणी. तिला हसू आवरलं नाही. "अगं बाई, घशात बोकड अडकलाय की काय!" बोलून गेली बिचारी आणि जन्माची अद्दल घडली. पोरगं भरल्या ताटावरून उठलं आणि त्यानं तोंडाला कुलूप लावलं. "आई, समोरच्यांनी दार निळं केलं", "आई, मांजरीला चार पिल्लं झाली" असं दिवसभर बातमीपत्र चालवणारं ते कार्टं आता नुसतं मानेनं हो-नाही करायचं. हलवलेली मान हिला कशी दिसणार? दुसऱ्या आईला निदान फुगलेले गाल तरी दिसले असते. हिचा मुलगाच नाहीसा झाला होता.

"वयच तसलं आहे गं," शेजारीण कालच म्हणाली होती. "मिसरूड फुटलंय त्याला. आमचाही दुपारपर्यंत लोळतो, आणि उठवायला गेलं की खेकसतो."

तिला शेजारणीचा हेवा वाटला. खेकसायला तरी आवाज लागतो. आणि मिसरूड फुटल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. हल्ली चेहऱ्यावरून हात फिरवू म्हटलं, तर तो मागे सरायचा.

विचारात हात चुकला. वेत सरकवायचा टोकदार टोच्या निसटला आणि अंगठ्यात खोल रुतला. "आई गं!" ती कळवळली.

आत काहीतरी धडपडलं. दाणदाण पावलं वाजली. चिमण्याची पावलं कशी, मांजरासारखी. ही कुणा थोराडाची होती. मागचं दार तर सकाळपासून उघडंच होतं.

"काय झालं? लागलं का?" पाठीमागून, अगदी मानेजवळ, एक जाड पुरुषी आवाज आला.

टोच्या उगारून ती उभी राहिली. "कोण आहे? खबरदार पुढे आलास तर! आत माझं लहान पोर झोपलंय. त्याच्या केसाला धक्का लागला तर जीव घेईन तुझा!"

नुसता श्वास ऐकू येत होता. मग तो श्वास नाकातल्या नाकात अडकला, रडू दाबताना चिमण्याचा लहानपणापासून अडकायचा तसा.

टोच्या तिच्या हातून गळून पडला. "चिमण्या? बाळा, तू आहेस?"

"कोणी नाही," तो जाड आवाज म्हणाला.

पावलं माघारी गेली. दार लागलं, कडी बसली. ती चाचपडत दारापाशी गेली, हाका मारल्या, हात जोडले. कडी निघाली नाही.

शेवटी ती तिथेच दाराला टेकून बसली. अंगठ्यातून रक्त येत होतं, तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ऐकलेले ते मोजके शब्द ती मनात पुन्हा पुन्हा घोळवत होती, पाठ करत होती. पुढच्या वेळी आपला मुलगा ओळखता आला पाहिजे, म्हणून.