काठाला लागलेली टोपली

पर्यटकांना जंगलावरून फिरवणारा मोठा फुगा वाऱ्यानं भरकटून तलावाकाठी आपटला, तेव्हा मासे धरणारे दोघे ढिवर भाऊ जाळं पाण्यातच सोडून धावले. “कोई मत उतरना!” फुग्याखालच्या टोपलीतून पायलट ओरडत होता. पण डोंगा काठाला लागला की एकानं कड धरायची, दुसऱ्यानं आधी बायामाणसं उतरवायची, ही त्यांची जन्माची सवय. “धनराज, टोपली घट्ट धर, सोडू नोको!” असं धाकट्याला बजावत दिवाकरनं रडणाऱ्या दोन बाया उचलून खाली घेतल्या. हलका झालेला डोंगा काठालाच राहतो. हलकी झालेली टोपली वर उठली. धनराजचे पाय चिखलातून सुटले आणि बघताबघता तो कडेला लोंबकळत सागाच्या शेंड्यांच्याही वर गेला. मासळीनं बुळबुळीत झालेले त्याचे हात घसरू लागले. “सोडू नोको रे!” खालून दिवाकर जिवाच्या आकांतानं ओरडला. मघाशी धनराजनं ऐकलं होतं; आता त्याचे हात ऐकत नव्हते.