वारा पडल्यावर

“वारा पडला, की समुद्रावर गरम हवेचा थर बसतो. त्याखालून मोबाइलच्या लहरी वाकत क्षितिजापलीकडे जातात, काका! थोडं थांबा,” गौतमीने हट्ट धरला.

“तुझा विज्ञान ऱ्हवांदे गो. बापाची लाँच लांब गेली, फोन लागाचो नाय,” काकाने डोळे पुसले. अंथरुणाला खिळलेली आजी पहाटे गेली होती. थोरल्या लेकाशिवाय तिला उचलायचं कसं?

दुपारी पान हलेना. जेटीवरून गौतमीने नंबर लावला आणि चक्क रिंग वाजली.

“लागला! बाबा, लागला! मी म्हटलंच होतं!” तिने उडीच मारली.

पलीकडे बाबा खळखळून हसले. “काय गो, येवढी खूश? आये उठून बसली काय?” आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी खलाशांनाही ओरडून सांगितलं, “आये उठून बसली!”

“बाबा...”