उजवी रांग

"बाबा, चहा घेणार?"

"हो."

"आणि उद्या माझ्याकडे यायचं ना? कायमचं?"

"हो."

मुलगी त्यांच्या खुर्चीजवळ वाकली. मग तिने हळूच विचारलं, "तुम्हाला खिडकीतून खाली टाकून देऊ?"

"हो," सर म्हणाले आणि हसले. हसला तो अर्धाच चेहरा. उरलेला अर्धा आजारपणापासून गप्प होता, आणि तोंडातून 'हो'शिवाय दुसरा शब्द येत नव्हता.

"असलं काहीतरी विचारू नकोस," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिच्या हातात फडकं होतं. सकाळपासून ती त्या दारात उभी होती. आत जायची, काहीतरी पुसून आणायची, खोक्यात ठेवायची, पुन्हा दारात.

"अगं, मला त्यांचं खरं 'हो' हवंय. नाहीतर उचलून नेल्यासारखं वाटतं."

"ने की. गाडी सांगितली आहेस ना सकाळची."

"तुझं ठीक आहे, तू येतेच आहेस, तुझा काही प्रश्न नाही. प्रश्न बाबांचा आहे."

आईने फडकं झटकलं.

ही बाहेरची खोली तेवढी आवरायची राहिली होती. शिकवणीची खोली. दोन रांगांत बाकं, फळा, आणि फळ्याला पाठ करून सरांची खुर्ची. दुपार कलली होती. खिडकीतून आलेल्या उन्हात खडूची धूळ तरंगत होती, इतकी सावकाश, की तिला खाली यायचंच नसावं. पंखा फिरत होता आणि वारा लागत नव्हता.

मुलगी खिडकीजवळच्या पहिल्या बाकावर बसली. तिची ही लहानपणची जागा. बोलायला शिकवणारी बाई म्हणाली होती, की पाठ असलेलं कधीकधी आपोआप सुटून येतं. पाढे म्हणून झाले होते. गाणी झाली होती. सर नुसतेच कौतुकाने ऐकत राहिले होते.

"एन्जॉय," मुलगी म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिलं.

"एन्जॉय, बाबा. एन्जॉय रीडिंग. आठवतंय?"

ही सरांची पद्धत होती. इंग्रजीत काही क्रियापदांमागून 'इंग' येतं, काहींमागून 'टू'. कशामागून काय, याचा नियम विचारला तर सर म्हणायचे, "नियम शोधू नका, कानाला सवय लावा." म्हणून त्यांनी वर्गच वाटून टाकला होता. खिडकीकडची डावी रांग 'इंग'ची, स्वयंपाकघराच्या दाराकडची उजवी 'टू'ची. सर शब्द टाकायचे, बोट दाखवायचे. ज्याच्यावर बोट, त्याने उभं राहून वाक्य पुरं करायचं. बरोबर आलं की सर म्हणायचे, सिट डाऊन. तोवर उभं राहायचं.

"एन्जॉय," मुलगी पुन्हा म्हणाली.

"उलटं चाललंय तुझं," आई म्हणाली. "ह्यांनी कधी उत्तर दिलंय? हे विचारायचे."

"मग काय करू?"

"उभी राहा आणि गप्प बस."

"दोन्ही एकदम कसं करू गं?" मुलगी हसली. पण उभी राहिली.

ऊन एका बाकावरून दुसऱ्या बाकावर सरकलं. मुलीला उगीच वाटलं, की मागे कोणीतरी दप्तर उघडतंय, कोणीतरी पाय हलवतंय. मग सरांचा डावा हात खुर्चीवरून उठला. बोट तिच्याकडे आलं.

"एन्जॉय," सर म्हणाले. तोच आवाज, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा.

"आय एन्जॉय रीडिंग," ती कशीबशी म्हणाली.

"सिट डाऊन."

ती बसली, आणि लगेच पुन्हा उभी राहिली.

"फिनिश."

तिने खोक्यांकडे पाहिलं. "आय फिनिश्ड पॅकिंग."

सरांनीही खोक्यांकडे पाहिलं. मग बाकांकडे. ती 'सिट डाऊन'ची वाट बघत राहिली. पण बोट तिच्यावरून निघालं होतं. मधल्या उन्हातून ते हळूहळू पलीकडे गेलं, उजव्या रांगेवर, एकेका रिकाम्या बाकावरून, आणि दारापाशी थांबलं.

"वाँट," सर म्हणाले.

"बाबा, तिथे कोणी..." मुलगी म्हणाली आणि थांबली.

आईने मागे वळून पाहिलं. मागे नुसतं स्वयंपाकघर होतं. तिथेच उभं राहून तिने इतकी वर्षं हे सगळं ऐकलं होतं, कधी फोडणीच्या आवाजातून, कधी नळाच्या.

"मला कुठं येतंय," ती म्हणाली. फडकं या हातातून त्या हातात गेलं.

"वाँट." न रागावता. मागे पडलेल्या मुलाला विचारावं तसं.

"काय हे तरी," आई म्हणाली. तिने पदर सारखा केला. मुलगी बघत होती. कधीपासून तिने आईकडे अशी मान वळवून पाहिलंच नव्हतं.

"आय वाँट टू..." आई अडखळली. पुढचा शब्द तिच्याकडे नव्हता. "टू... मला इथंच राहायचंय."



"सिट डाऊन," सर म्हणाले.

आई उजव्या रांगेतल्या शेवटच्या बाकावर बसली. फडक्याची घडी करून तिने ती समोर ठेवली, वहीसारखी, आणि पुढच्या शब्दासाठी सरांकडे बघू लागली.

खिडकीपाशी मुलगी उभी होती. तिला अजून कोणी बस म्हटलं नव्हतं.