बदकाची राखण

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण आमच्या बदक छाप साबणाची नक्कल बाजारात येण्याआधीच मी पकडली होती. आता लेकीचा संगणक रोज सकाळी असल्या नकला शोधून देतो. तेव्हा नवी बोधचिन्हं सरकारी पत्रिकेत छापून यायची आणि चार महिन्यांत हरकत घेतली नाही, की आपलं चिन्ह गेलंच समजा. चाळीस वर्षांत मी एकही अंक सोडला नाही. एकदा तर पान उलटण्याआधीच मला साबणाचा वास आला! उलटून बघतो तो हंस. लबाडाने मान लांब केली होती, पण डोळा आपल्याच बदकाचा, तसाच तिरळा. मुदतीचा शेवटचा दिवस. कचेरीचं दार लागता लागता पाय आत घातला आणि हरकत नोंदवली. कारखाना वाचला.

नात आ वासून ऐकत होती. वड्यांना कागद गुंडाळणाऱ्या लेकीने मान वरही केली नाही.

"पुरे हं, बाबा. अंक आई वाचायची. हंस तिने पकडला. तुम्ही नुसते धावलात."